सायकल हवी, पण पाण्यापासून चार हात दूर

६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पवई तलावाच्या काठाने होऊ घातलेला सायकल मार्ग बेकायदा ठरवला. झालेले काम काढून टाका आणि जागा पूर्ववत करा, असा आदेश महापालिकेला मिळाला. तलावासाठी झगडणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गाड्यांच्या धाकाविना सायकल चालवायला एक वाट मिळणार म्हणून खूश झालेले हिरमुसले. सगळा वाद ‘सायकल की मगर’ अशा दोन फळ्यांत वाटला गेला होता. निकालानंतर दोन्ही फळ्या आपापल्या घरी गेल्या आणि विषय मिटला.

तो मिटायला नको होता. आक्षेप सायकलीवर नव्हता, तिच्यासाठी निवडलेल्या जागेवर होता. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी २०१७ साली केंद्राने केलेले नियम तलावाच्या पाणथळ भागात भराव आणि बांधकाम करू देत नाहीत, आणि पवईत तेच चालले होते. हा फरक नीट समजून घेतला नाही तर दोनच गोष्टी होतील. एक तर पुढच्या एखाद्या तलावावर हीच चूक पुन्हा होईल, किंवा तलावाकाठी सायकल हा विचारच कायमचा टाकून दिला जाईल. दुसऱ्या शक्यतेची किंमत मोजणारे लोक न्यायालयात दिसत नाहीत. ते सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, केसपेपर हातात धरून रांगेत उभे असतात.

त्या रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाला एक सल्ला फुकट मिळतो: रोज अर्धा तास व्यायाम करा. त्यावर रुग्णाचा प्रश्न असतो, ‘कुठे?’ पदपथावर दुचाक्या उभ्या, गटाराची झाकणे निघालेली, बाग संध्याकाळी सातला बंद. रस्त्यावर उतरावे तर २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हा सरकारचाच आकडा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ साली छापलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. ‘पुरेशी’ची व्याख्या काही फार कडक नाही. आठवड्याला १५० मिनिटे, थोडा दम लागेल इतपत. एवढेही निम्म्या लोकांना जमत नसेल तर सगळा दोष आळसावर ढकलून चालणार नाही.

चालणे उत्तमच. पण पन्नाशीनंतर वजन वाढलेले, गुडघ्यांची झीज झालेली माणसे दहा मिनिटे चालून बाकावर बसतात. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम सांध्यांत संवेदक बसवून, रुग्णाच्या गुडघ्यावर प्रत्यक्ष किती भार येतो ते मोजले आहे. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास जातो आणि जिना उतरताना तिपटीच्या वर. हलक्या जोराने सायकल चालवताना मात्र तो साधारण एका पटीच्या घरात राहतो, कारण धडाचे वजन खोगीर पेलते. ऐंशी किलोच्या माणसासाठी हा फरक केवढा, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मांडीचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. ते आकुंचन पावू लागले की रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिनला दाद न देणारे शरीर हा ज्या आजाराचा गाभा आहे, त्या आजारात ही मागच्या दाराची सोय फार मोलाची. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांचा सरासरी पाच वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१७ साली छापला. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका, गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात मुळात धडधाकट असलेली माणसेच सायकलवर जास्त बसतात, त्यामुळे हे सगळे श्रेय सायकलीच्या पदरात टाकता येत नाही. सायकलीची एक उणीवही सांगायला हवी. तिच्यावर हाडांवर भार पडत नाही, म्हणून हाडे बळकट होण्यासाठी तिचा उपयोग कमी. ऋतुसमाप्तीनंतरच्या स्त्रियांनी सायकलीच्या जोडीला थोडे चालणे, थोडे वजन उचलणे सोडू नये.

हे सगळे कुठल्याही रस्त्यावर होईल, मग तलावच कशाला? देखावा सुंदर असतो हे कारण खरे आहे, पण दुय्यम. मुख्य कारण भूगोलाच्या पुस्तकात सापडते. साचलेल्या पाण्याची कड म्हणजे जमिनीवर निसर्गाने आखलेली समोच्चरेषा. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू एकाच उंचीवर असतो. त्या कडेला साधारण समांतर, थोड्या अंतरावरून जाणाऱ्या वाटेला मोठे चढउतार क्वचितच असतात. नवख्या सायकलस्वाराच्या हृदयासाठी यासारखी चांगली गोष्ट नाही. सायकल धरून ९० किलो वजन ताशी १५ किलोमीटरने सपाटीवर न्यायला साधारण ५० वॉट लागतात. वाट शंभर मीटरला फक्त तीन मीटर चढू लागली की, तोच वेग राखायचा तर गरज १५० वॉटच्या पुढे जाते. डोळ्यांना जेमतेम दिसणारा चढ म्हणजे हृदयावर तिपटीहून जास्त काम. सपाट वाटेवर ही उसळी येत नाही. नाडी एका लयीत वाढते आणि एका लयीत टिकते. सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता येते आहे, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की मात्रा बरोबर आहे असे समजावे.

दुसरे कारण सलगपणा. शहरातल्या रस्त्यावर दर दोन-तीनशे मीटरवर सिग्नल, रिक्षा, आडवी येणारी बस. पाय थांबतात, पुन्हा सुरू होतात, आणि सारे लक्ष जीव वाचवण्यात जाते. तलावाभोवतीच्या वाटेला चौक नसतात. अर्धा तास पाय न थांबता फिरत राहणे ही गोष्ट आपल्या शहरांत इतकी दुर्मीळ झाली आहे की पुष्कळांना ती फक्त व्यायामशाळेतल्या स्थिर सायकलीवर, भिंतीकडे तोंड करून मिळते.

हवेचा मुद्दा मात्र तारतम्याने घ्यावा. सायकल चालवणारा माणूस गाडीत बसलेल्या माणसापेक्षा दुप्पट ते चौपट हवा आत घेतो; म्हणून रहदारीच्या कडेची सायकल धुराच्याही कडेची असते. वाहनांतून निघणारे अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून काही शे मीटर दूर गेले की झपाट्याने विरळ होतात. हैदराबादला बाह्यवळण रस्त्यालगत सौर छताचा २३ किलोमीटरचा सायकल मार्ग २०२३ साली खुला झाला. वाहनांपासून तो वेगळा आहे आणि त्याचे कौतुकही झाले, पण महामार्गाची सोबत त्याला सुटत नाही. तलावाची वाट रस्त्यापासून दूर असेल तर हा फायदा मिळतो. शहरभर पसरलेले धुरके मात्र तलाव पाहून मागे फिरत नाही. त्यातही डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूळ-धूर तिच्यात कोंडून राहतात, त्यामुळे पहाटे पाचच्या फेरीपेक्षा उन्हे वर आल्यावरची फेरी बरी. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी तर ‘पहाटेची शुद्ध हवा’ हा समज त्या दोन महिन्यांपुरता बाजूला ठेवावा. प्रदूषणामुळे सायकलच नको, असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाचा निष्कर्ष असा की, हवेतील पीएम २.५ कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी सायकलीचे नुकसान तिच्या फायद्यापेक्षा जास्त व्हायला रोज दीड तासाहून अधिक काळ ती चालवावी लागेल.

इंग्लंडच्या मध्यभागातला रटलंड वॉटर हा जलाशय या विषयात मुद्दाम पाहण्यासारखा. तोही पवईसारखाच माणसाने बांधलेला, फक्त बराच अलीकडचा, १९७० च्या दशकातला. शहरांना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून केलेला. त्यासाठी एक खेडे पाण्याखाली गेले. आज त्याच्याभोवती सुमारे २७ किलोमीटरची सायकल फेरी आहे आणि पाण्यात घुसलेल्या हॅम्बल्टनच्या भूशिरालाही वळसा घातला तर ती ३७ किलोमीटरची होते. धरणाच्या सव्वा किलोमीटर लांबीच्या भिंतीवरूनही वाट जाते. दोन ठिकाणी सायकली भाड्याने मिळतात, त्यात मुलांना मागे बसवून नेण्याच्या गाड्याही असतात. फेरी करणारे बहुतेक लोक शर्यतीवाले नव्हेत. ताठ बसून चालवायची सायकल, मागे सामानाच्या पिशव्या, मध्ये चहाला थांबायचे, अर्ध्या वाटेवरून परत फिरले तरी कुणी हसत नाही, असा एकूण प्रकार.

हाच जलाशय १९९१ पासून रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे हजारो बदके उतरतात. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी (हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या जलाशयांवरही तो दिसतो) मध्य इंग्लंडमधून दीडेकशे वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडहून त्याची पिले आणून इथे सोडली गेली आणि २००१ मध्ये त्याची वीण पुन्हा सुरू झाली. सायकली फिरत होत्या आणि पक्षी परत आले, दोन्ही गोष्टी एकाच पाण्यावर घडल्या.

हे जमले ते वाट आखताना काठाचा हट्ट सोडल्यामुळे. पश्चिमेकडचा उथळ, चिखलाचा, पक्ष्यांच्या पोटापाण्याचा भाग सुरुवातीलाच राखीव ठेवला गेला. सायकलची वाट तिथे पाण्याजवळ जातच नाही. ती मागे हटते, मँटन आणि एगल्टन या खेड्यांकडून जाते, काही अंतर गावातल्या शांत रस्त्यांवरून काढते आणि पक्ष्यांचा भाग ओलांडल्यावर पुन्हा पाण्याकडे वळते. ज्याला पक्षी पाहायचे आहेत तो सायकल बाहेर ठेवून पायी आडोशाच्या झोपडीत जाऊन बसतो. थोडक्यात, २७ किलोमीटरांतले काही किलोमीटर पाणी दिसत नाही. फेरी मारणाऱ्याच्या गुडघ्यांना, साखरेला किंवा रक्तदाबाला त्याने काहीच फरक पडत नाही.

पवईत नेमके उलटे झाले. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्याच्या कामाचे उरले नाही, म्हणून तो निकामी समजण्याची सवय जुनीच. पण त्याच्या काठाच्या चिखलात मगरी उन्हाला येतात, अंडी घालतात. उथळ पाण्यात पक्षी चरतात. मार्ग याच कडेला, दगड भरलेल्या जाळ्यांच्या भिंतीवर उभा करायचे ठरले. या जाळ्यांतून पाणी झिरपते, सिमेंट लागत नाही, असे समर्थन केले गेले. पाणी झिरपत असेलही. मगर झिरपत नाही. तलावाची जिवंत जागा म्हणजे त्याची उथळ कड, मधले खोल पाणी नव्हे, ही जीवशास्त्रातली प्राथमिक बाब आराखडा काढणाऱ्यांच्या टेबलावर पोहोचलीच नाही, असे म्हणावे लागते. काठाचा नकाशा काढून आधी मगरींच्या आणि पक्ष्यांच्या जागांवर खुणा करायच्या, त्या सोडून उरलेल्या जमिनीवर वाट बसते का पाहायचे, आणि नाही बसली तर ती जवळच्या रस्त्यावरून, गाड्यांसाठी वापरलेली एक पट्टी काढून घेऊन न्यायची, हा क्रम असायला हवा होता. गाड्यांची पट्टी काढून घेणे मात्र राजकीयदृष्ट्या महाग पडते. तलाव मत देत नाही, त्यामुळे भराव स्वस्त वाटतो.

रटलंडला वस्ती विरळ, मुंबईला दाट; तिथले इथे कसे चालेल, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईपुरते त्याचे उत्तर अवघडच. पण महाराष्ट्र म्हणजे मुंबई नव्हे. देशात सर्वाधिक मोठी धरणे याच राज्यात आहेत, आणि त्यांच्या जलाशयांपासून निघणाऱ्या कालव्यांच्या कडेने देखभालीसाठी केलेले रस्ते आधीच अस्तित्वात आहेत. कालवा तर तलावाच्या काठाहूनही सपाट. पाणी आपोआप पुढे जावे म्हणून त्याला काही हजार मीटरला एखाद मीटर एवढाच उतार दिलेला असतो. या रस्त्यांवर नवा भराव नको, भूसंपादन नको. पाण्याच्या बाजूला मजबूत कठडा हवा, कारण काँक्रीटच्या उतारावरून घसरलेला माणूस कालव्यातून सहज वर येऊ शकत नाही. आणि मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून तोंडाशी अडथळे हवेत. असा रस्ता जलाशयाच्या बागेला जोडला तर एखाद्या तालुक्याच्या गावाला दहा-पंधरा किलोमीटरची वाहनमुक्त वाट फारशा खर्चाशिवाय मिळेल.

वाहने नाहीत म्हणजे भांडण नाही, असे मात्र नाही. शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठच्या बागांतून सुमारे २९ किलोमीटरची वाट जाते. तिच्यावर पळणारे, मुलांना फिरवणारे आणि सायकलवाले एकत्र होते आणि गर्दीच्या दिवसांत टकरी होत. शेवटी २०१८ अखेरीस संपूर्ण लांबीत चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट वेगळी करण्यात आली. आपल्याकडे तर सकाळी फिरणारे मंडळ चारजण हातात हात घालून चालते, आणि त्यांत सत्तरीचे आजोबा असतात. मागून आलेल्या सायकलचा हलका धक्काही त्या वयात खुब्याचे हाड मोडायला पुरतो, आणि खुबा मोडल्यानंतरचे वर्ष कसे जाते हे ज्यांच्या घरात घडले त्यांना सांगायला नको. दोन्हींसाठी रुंदी नसेल तर वेळा वाटून द्याव्यात. रंगाची एक पांढरी रेघ ओढून दोघांना खूश करण्याचा प्रयोग पुण्यासह अनेक शहरांत झाला आहे. त्या रेघेवर आज काय उभे असते ते कुणीही जाऊन पाहावे.

सायकल विकत घेण्याची सक्तीही नसावी. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीतले कितीतरी जण तासावर भाड्याने आणलेल्या सायकलवर, नळीखालून पाय घालून शिकले. ते कौशल्य शरीर विसरत नाही. भीती तेवढी वाढलेली असते. मार्गाच्या तोंडाशी साधी, ताठ बसवणारी, मडगार्ड-कॅरियरवाली भाड्याची सायकल मिळाली तर यांतले बरेच जण पुन्हा बसतील. खोगीराची उंची मात्र भाडे देणाऱ्याने नीट लावून द्यावी: पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. खोगीर खूप खाली असले की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो, आणि सायकलने गुडघे दुखतात हा प्रवाद बहुधा तिथूनच सुरू होतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवावी. डोळ्याच्या पडद्यातून रक्तस्राव झालेल्यांनी आणि श्रम करताना छातीत दडपण येणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. हात किंवा मांड्यांमधला भाग बधिर होऊ लागला तर बसण्याची ढब चुकते आहे. दर दहा मिनिटांनी उतरून पाय मोकळे करावेत.

राहतात त्या ५७ टक्के स्त्रिया. मार्ग कितीही सुंदर असला तरी दोन किलोमीटरवर स्वच्छतागृह नसेल तर त्या येणार नाहीत, किंवा येतील आणि पाणी न पिता येतील. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे रुग्ण पाहणाऱ्या कुणालाही याचा अर्थ कळतो. अंधारात रात्रभर दिवे लावले तर पक्षी आणि कीटक यांचे चक्र बिघडते, म्हणून मार्ग सूर्यास्ताला बंद करणे आणि तोवर माणसांचा वावर व पहारा ठेवणे हेच शहाणपणाचे. मधून बाहेर पडायला वाटा हव्यात. आणि दर दोनशे मीटरला ठळक आकड्याचा दगड हवा. तलावाकाठी कुणी छातीला हात लावून खाली बसले तर १०८ ला फोन करणाऱ्याला ‘तळ्याजवळ, झाडाच्या पुढे’ असे सांगावे लागू नये. ‘दगड क्रमांक ३१’ म्हणता आले पाहिजे. रुग्णवाहिका आत येईल एवढे उघडणारे फाटक त्या दगडापासून जवळ असावे, आणि त्याची किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात असावी, तहसील कार्यालयातल्या कपाटात नव्हे.